संगणक, पंप आणि आमचा निवाडा

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकाला २०२३ सालच्या मे महिन्याअखेरीस एक चमत्कारिक दुखणे जडले. चालता चालता तो एकाएकी काळवंडत असे. पडद्यावरील अक्षरे, अर्धवट लिहिलेले पत्र, सारे क्षणात नाहीसे होई. पेटीतला पंखा मंदावून पुन्हा फिरू लागे, आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात यंत्र पहिल्यापासून सुरू होई. तो बंद पडून राहिला असता तर आम्हांस इतके वाईट वाटले नसते. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीला तरी नेता येते. हा मात्र मेल्याचे सोंग घेऊन लगेच उठून बसे, आणि दुरुस्ती करणारा समोर आला की दोन दोन तास शहाण्या मुलासारखा वागे.

यंत्रांच्या बाबतीत आमचे ज्ञान बेताचेच. सेमिनरीत आम्ही टंकयंत्रावर बोटे चालवायला शिकलो, त्या काळी यंत्र बिघडले म्हणजे फीत गुंतली किंवा एखादा खिळा वाकला, एवढाच त्याचा अर्थ असे. दोष डोळ्यांना दिसे आणि बोटांनी निवारता येई. संगणकाचा दोष दिसत नाही; त्याचा परिणाम तेवढा दिसतो. परिणामावरून कारणाकडे कसे जावे, हे आम्हांला तत्त्वज्ञानाच्या वर्गात दोन वर्षे शिकवले गेले होते खरे. पण ती विद्या कार्यालयातल्या टेबलापाशी कामाला लावावी लागेल, असे कधी वाटले नव्हते. वेळ आली तेव्हा ती कामाला आली नाही, हे पुढे दिसेलच.

हा संगणक २०१४ साली आमच्या पूर्वीच्या फादरांनी घेतलेला. आम्ही या धर्मग्रामात २०२० साली आलो. वसईच्या किनाऱ्याजवळची खारट हवा, रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातली ओल यांचे आम्हांस मोठे भय. म्हणून आल्या आल्या आम्ही पहिली सुधारणा केली ती ही, की संगणकाची उभी पेटी सुताराकडून करून घेतलेल्या एका बंद लाकडी कपाटात ठेवली. महिला मंडळाने पेटीसाठी भरतकाम केलेले एक सुरेख आच्छादन दिले होते, तेही तिच्यावर घातले. पेटी नव्या नवरीसारखी झाकलेली राहू लागली. आम्हांला मोठे समाधान वाटले.

आता या संगणकाचे आमच्याकडे काम काय, ते सांगितले पाहिजे. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, असा चर्चच्या कायद्याचा दंडक आहे. विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ सालीच दिली होती. स्नानसंस्काराच्या वहीत नुसते बाळाचे नाव नसते. पुढे त्याचे दृढीकरण झाले, विवाह झाला, की त्याची टीप त्याच नोंदीच्या समासात करायची असते. एका ओळीत आणि तिच्या समासात माणसाचे अर्धे आयुष्य मावते. आमच्याकडच्या १९३० ते १९५० च्या दशकांतल्या वह्यांचे कोपरे कसरीने खाल्ले आहेत आणि शाई चहाच्या रंगाची झाली आहे. एकच आडनाव तीन फादरांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. या वह्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, असे आमच्या मनात फार दिवस होते.

ते काम गावातल्या एका मुलाने अंगावर घेतले. त्याने बारावीची परीक्षा दिली होती आणि सुट्टी मोकळी होती. ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १० एप्रिलपासून, तो रोज सकाळी दहाला येऊ लागला. मुलगा अबोल. जुन्या हस्ताक्षरात एखादे नाव लागत नसले की भिंग घेऊन बसे, घरी जाऊन आजीला विचारी आणि दुसऱ्या दिवशी सांगे, "फादर, ते 'मारी' नाही, 'मार्था' आहे. आजी ओळखते त्यांना." पाच वाजले की तो उठे. उठण्यापूर्वी खिशातली पेन ड्राइव्ह काढून संगणकाला लावी, दोन मिनिटे थांबे आणि काढून घेई. ती कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही.

शुक्रवार, २६ मे रोजी संध्याकाळी आम्ही कार्यालयात होतो. पाच वाजले. मुलाने पेन ड्राइव्ह लावली आणि संगणक काळवंडला. शनिवारी पुन्हा तसेच. सोमवारी घडले नाही, मंगळवारी घडले. दिवसभर निमूट चालणारे यंत्र, पेन ड्राइव्ह लावली की मान टाकते, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा पाहिले. न्यायाधीशाला याहून अधिक पुरावा कोणता लागतो?

शुक्रवार, २ जूनला आम्ही निवाडा दिला. दुर्दैवाने त्या वेळी कार्यालयात दोन धर्मग्रामस्थही दाखल्यासाठी बसले होते. आम्ही म्हणालो, की बाहेरच्या संगणकांना लावलेल्या या असल्या वस्तू आणून तू चर्चच्या यंत्रात व्हायरस घातला आहेस. मुलगा म्हणाला, "फादर, मी काही केलं नाही."

"तू केलंस असं कुठे म्हणतो? तुझ्या पेन ड्राइव्हने केलं," आम्ही म्हणालो. तर्कशास्त्राचा विद्यार्थी असा बारीक भेद करण्यात पटाईत असतो. "ती इथेच राहू दे. आणि उद्यापासून आलास नाहीस तरी चालेल."

पेन ड्राइव्ह आम्ही खणात ठेवून कुलूप लावले. मुलगा गेला. पुढच्या रविवारी त्याची आई मिस्साला दिसली, तो दिसला नाही; शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला तो मागच्या बाकावर बसू लागल्याचे आम्हांस नंतर कळले.

गुन्हेगार हद्दपार झाला; गुन्हा मात्र चालूच राहिला. मुलगा गेल्यामुळे आम्हीच सकाळची मिस्सा आटोपून आठ वाजता संगणकापाशी बसू लागलो, तो सकाळीही यंत्र उठबशा काढू लागले. परदेशी लग्न ठरलेल्या एका मुलीच्या कागदपत्रांसोबत द्यायचे पत्र आम्ही एकाच सकाळी दोनदा लिहिले. याचा अर्थ आम्ही असा लावला, की व्हायरस आत मुरला आहे. स्वतःच्या निवाड्याविरुद्ध पुरावा समोर आला, की त्यालाच निवाड्याच्या बाजूने उभे करण्याचे कसब माणसाला उपजत असते.

बाजारातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावले. त्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "फादर, फॉरमॅट मारून टाकू. आत काही महत्त्वाचं आहे का? बॅकअप घेऊन ठेवू?" त्याने विचारले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. आम्ही ठामपणे सांगितले, की आमचे सारे काही 'डी' ड्राइव्हमध्ये असते, 'सी' खुशाल पुसा. त्याने पुसले. यंत्र नव्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ते पुन्हा काळवंडले.

आठवड्याने एक गृहस्थ आपल्या आजीच्या स्नानसंस्काराचा दाखला मागायला आले. वही काढण्याऐवजी संगणकावर नाव शोधावे म्हणून आम्ही यादी उघडायला गेलो, तर यादी नाही. 'डी' ड्राइव्ह आम्ही तीनदा चाळला. मुलगा ती पडद्यावरच, डोळ्यांसमोर ठेवत असे. आणि जे पडद्यावर दिसते ते 'सी' मध्ये असते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ईस्टरपासूनच्या साऱ्या नोंदी आमच्याच हुकमाने पुसल्या गेल्या होत्या. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणीही आमच्या मनात पहिला विचार आला तो हा, की या मुलाने यादी योग्य जागी का ठेवली नाही!

दुरुस्ती करणारा तरुण पुन्हा आला. या वेळी त्याने सावकाशीने काम केले, आणि त्याची पद्धत आम्हांला आवडली. विंडोज प्रणालीला आतून एखादी गंभीर अडचण आली, की ती निळ्या पडद्यावर तिची खूण दाखवते आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू करते. इतक्या झटपट, की निळा पडदा वाचायलाही मिळत नाही. आपणहून सुरू होण्याची ही मुभा काढून घेता येते. त्याने ती काढली, म्हणजे निळा पडदा आला तर तो थांबून राहील. पण निळा पडदा आलाच नाही. यंत्र थेट काळवंडले आणि उठले. मग त्याने यंत्राची स्वतःची नोंदवही उघडून दाखवली. संगणकही रोजनिशी लिहितो, हे आम्हांला नवीन होते. तीत 'कर्नेल-पॉवर', क्रमांक ४१, अशा ओळीच ओळी होत्या. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाले. बिचाऱ्याला आपण पडलो हे ठाऊक होते. कशाने पडलो, हे लिहायला त्याला सवडच मिळाली नव्हती.

"फादर, हा व्हायरस नाही," तरुण म्हणाला. आम्ही गप्प राहिलो. त्याने स्मरणपट्ट्या, म्हणजे रॅम, काढून त्यांचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले, रात्रभर त्यांची चाचणी लावून ठेवली. एकही चूक निघाली नाही. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. यंत्र उठतच होते. अखेर तो म्हणाला, की एसएमपीएस तरी गेला असेल किंवा मदरबोर्ड तरी. मदरबोर्ड बदलायचा तर या जुन्या जातीचा मिळणे कठीण, नवा संगणकच घ्या. नव्या संगणकाचा खर्च अर्थसमितीपुढे ठेवायचा होता. त्या समितीत आमचे वायरमनकाका आहेत.

सारा गाव त्यांना वायरमनकाका म्हणतो. सत्तरी ओलांडली आहे; आयुष्य कारखान्यातल्या मोटारी आणि स्विचबोर्ड दुरुस्त करण्यात गेले. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. सभेत त्यांनी एकच प्रश्न केला, "फादर, हा पडतो तो केव्हा केव्हा पडतो?"

"केव्हाही पडतो," आम्ही म्हणालो.

"केव्हाही असं काही नसतं. एक वही घ्या आणि लिहून ठेवा. तारीख, घड्याळातली वेळ, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं ते. दुखणं कधी येतं ते कळलं, की कशाने येतं ते बघू."

चारशे साठ वर्षे नोंदवह्या ठेवत आलेल्या संस्थेच्या सेवकाला हे बाहेरून ऐकावे लागले. १० जुलै ते २० जुलै असे अकरा दिवस आम्ही संगणक सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला आणि वही लिहिली. एकंदर २३ वेळा यंत्र पुन्हा सुरू झाले. त्यांपैकी १७ नोंदी सकाळी आठ-दहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचच्या आगेमागे होत्या. चार नोंदींसमोर आम्ही 'झेरॉक्स यंत्र लावले' असे लिहिले होते. उरलेल्या दोहोंचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

वायरमनकाकांनी वही चाळली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "आठ-सव्वाआठला आणि पाचला इथे काय होतं?"

आम्ही म्हणालो, काही नाही. तेवढ्यात चर्चचा सेवक दारातून म्हणाला, "पंप लावतो ना मी."

आवारातल्या विहिरीवर दीड अश्वशक्तीचा पंप आहे. सेवक सकाळी सव्वाआठच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाचला तो लावून गच्चीवरच्या टाक्या भरतो. आम्ही तीन वर्षे तो आवाज ऐकत होतो, म्हणजेच ऐकत नव्हतो. पाच वाजता मुलगा घरी जायला उठे आणि पेन ड्राइव्ह लावी. पाच वाजताच सेवक पंपाचे बटन दाबी. दोघेही एकाच घड्याळाकडे बघत होते. सेमिनरीत आमच्या वयोवृद्ध प्राध्यापकांनी हाच तर्कदोष लॅटिनमध्ये पाठ करून घेतला होता, 'पोस्ट हॉक, एर्गो प्रोप्टर हॉक': याच्यानंतर घडले, म्हणून याच्यामुळे घडले. त्या परीक्षेत आम्हांला उत्तम गुण मिळाले होते. आणि लॅटिन तरी कशाला हवे होते? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आमच्या आईलाही ठाऊक होते. आम्ही कावळ्याला शिक्षा केली.

तथापि काका एवढ्यावर थांबणारे नव्हते. "पंप तर वर्षानुवर्षं आहे," ते म्हणाले. "मग आत्ताच का?" आम्ही तर कारण सापडल्याच्या आनंदात होतो, हा प्रश्न आम्हांला सुचलाच नसता.

पंपाची मोटार सुरू होते त्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सात पट वीज ओढते. तेवढ्यापुरता आवारातल्या साऱ्या तारांमधला दाब खाली बसतो. ट्यूबलाइट एकदा लवते, ती यामुळे. झेरॉक्सचा रूळ तापू लागतो तेव्हाही थोडे तसेच. अशा धक्क्यापासून संगणकाला वाचवायलाच यूपीएस असतो. काकांनी संगणक बाजूला केला, यूपीएसला साधा टेबललँप लावला आणि भिंतीतला प्लग उपटला. दिवा तत्काळ विझला. यूपीएसची बॅटरी मेलेली होती. अशी बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. आमची २०१९ ची. वरचा हिरवा दिवा मात्र इमानाने लागत होता, आणि आम्ही त्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून होतो. काकांच्या म्हणण्याप्रमाणे मेलेला यूपीएस हा नसलेल्या यूपीएसपेक्षा वाईट. दाब उतरला की तो भिंतीची वीज सोडून बॅटरीकडे वळतो, बॅटरी हात वर करते, आणि संगणकाला दोन्हींकडून काहीच मिळत नाही.

यंत्राला थेट भिंतीतून वीज दिली, तर पडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पण थांबले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक धूळ खात पडला होता. काकांनी दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावून त्यातला एसएमपीएस काढून आमच्या यंत्राला लावायला सांगितला. इतर कशालाही हात लावायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची ताकीद. मग सेवकाला विहिरीपाशी उभे करून वीस वेळा पंप चालू-बंद करवला. ट्यूबलाइट वीस वेळा लवली. संगणक एकदाही हलला नाही.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेतून संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची मवाळ वीज करून देणारी पत्र्याची डबी. तिच्यातून रंगीत तारांचा झुपका बाहेर येतो: पिवळ्या बाराच्या, लाल पाचच्या, नारिंगी सव्वातीनच्या, काळ्या परतीच्या. काकांनी पुन्हा जुनी डबी जोडवून, यंत्र कामाला लावून, पिवळ्या तारेवर मीटर धरला. बाराच्या जागी ११.२ भरले, ११.४ च्या खाली जाऊ नये असा नियम. त्या झुपक्यात एकच राखाडी तार असते. तिच्यातून काम करणारी वीज जात नाही, फक्त एक निरोप जातो: सर्व दाब ठीक आहेत, आता सुरू व्हायला हरकत नाही. हा निरोप येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला जागचा हलू देत नाही. निरोप मध्येच तुटला तर तो सारे काम थांबवतो, आणि निरोप परत आला की आरंभापासून सुरू करतो. यंत्र बंद पडून न राहता पुन्हा पुन्हा का उठत होते, ते आम्हांला आता कळले. ते बिघडलेले नव्हतेच. वीज ठीक नाही असे त्याला खरेच सांगितले जात होते, आणि ते शिकवल्याप्रमाणे वागत होते.

सुदृढ डबी विजेच्या अशा क्षणिक खंडातून सहज तरून जाते. सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा काळ पुरेल इतकी वीज तिच्या पोटातल्या कपॅसिटरांत साठलेली असते. आमच्या डबीतले कपॅसिटर थकले होते. डबी स्वतः उघडू नका, असे काकांनी बजावले; प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ दबा धरून असतात. पुरेसा वेळ जाऊ देऊन त्यांनी ती उघडली. आतल्या छोट्या नळकांड्यांपैकी तिघांची सपाट डोकी फुगून वर आली होती आणि एकाच्या पायाशी तपकिरी डाग होता.

"उष्णतेने," काका म्हणाले. "आतला द्रव सुकतो. दहा अंश उष्णता वाढली की यांचं आयुष्य निम्मं होतं, असा आमचा ढोबळ हिशोब." त्यांनी लाकडी कपाटाकडे पाहिले. डबीच्या पंख्यावर धुळीची बोटभर जाड गादी साचली होती. गरम हवा बाहेर टाकणारी जाळी बरोबर भरतकामाच्या आच्छादनाखाली येत होती. गुलाबाच्या एका फुलाला तिथे जळकट पिवळी छटा आली होती. काका जुन्या वळणाचे आहेत. फादरांना ते काही बोलले नाहीत. त्यांनी आच्छादन काढले, घडी घातली आणि आमच्या हातात दिले.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऑकमच्या विल्यम या फ्रान्सिस्कन विद्वानाचा मोठा दबदबा होता: गरजेपेक्षा अधिक कारणे मानू नयेत. इथे मात्र तीन कारणे लागली. पंप एकटा असता तर काही झाले नसते. मेलेली बॅटरी एकटी असती तर वीज जाईपर्यंत कुणाला कळली नसती. थकलेली डबी अजून वर्षभर रेटत राहिली असती. आणि तिन्हींच्या मागे, वह्यांतल्या कसरीची काळजी करणारे पण यंत्राला श्वास घेऊ न देणारे आम्ही.

नवा एसएमपीएस आणि यूपीएसची नवी बॅटरी, दोन्ही मिळून नव्या संगणकाच्या अल्पांशात आले. काकांनी पंपाची जोडणी वेगळ्या तारेवर घेतली. कपाटाची दारे काढून टाकली. अर्थसमितीने वायरमनकाकांचे आभार मानल्याची नोंद इतिवृत्तात केली. कार्यालय पूर्ववत चालू लागले, आणि खणात पेन ड्राइव्ह तशीच होती.

ती परत करायला जायला आम्हांला आणखी बारा दिवस लागले. मिस्सांची घाई होती, शाळेची सभा होती, पाऊस होता. कारणे शोधण्यात आम्ही आता तरबेज झालो होतो.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. ओट्यावर आजी वालाच्या शेंगा सोलत होती. आईने खुर्ची पुढे केली. मुलगा आतून आला आणि उभा राहिला. आम्ही प्रवचनाला करतो तशी वाक्ये वाटेत जुळवली होती. ती त्या ओट्यावर उपयोगी पडेनात. शेवटी आम्ही पंपापासून सुरुवात करून सारे सांगितले, आणि दोन माणसांच्या देखत तुला दोष दिला तो खोटा होता, आम्ही चुकलो, असे त्याच्या आईच्या आणि आजीच्या देखत म्हणालो. आई "राहू द्या हो फादर" म्हणू लागली. मुलाने तिच्याकडे पाहिले तशी ती थांबली.

"फादर, पेन ड्राइव्हचं मला काही नाही," तो म्हणाला. "तिच्यात काय आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत."

"काय आहे?"

"यादी. रोज जाताना मी कॉपी काढून घ्यायचो. तुमचा काँप्युटर जुना होता म्हणून."

फॉरमॅटची गोष्ट आम्ही तोवर सांगितली नव्हती. ती आता सांगितली. तो काही बोलला नाही. आत जाऊन शेजारच्या घरचा लॅपटॉप मागून आणला आणि ओट्यावरच पेन ड्राइव्ह उघडली. प्रत्येक दिवसाची एक प्रत, नावापुढे तारीख. २६ मे आणि त्यापुढच्या उघडेनात. प्रत निघत असतानाच यंत्र पडत होते, त्यामुळे त्या अर्ध्यावर तुटल्या होत्या, आणि ज्या दिवशी ते पडले नाही त्या दिवशीची प्रतही तुटक्या यादीवरच चढवलेली. २५ मेची उघडली. तीत १,१७२ नोंदी होत्या. शेवटचा क्रमांक आपण १,३८६ पर्यंत नेला होता, हे त्याच्या लक्षात होते. म्हणजे २१४ गेल्या.

"वही आहे ना?" आजीने शेंगांवरची नजर न काढता विचारले.

त्याचे कॉलेज सुरू झाले होते. शनिवारी चार वाजता येईन, म्हणाला. येईन की नाही ते आधी दोन दिवस सांगितले नाही. पुढच्या शनिवारी तो आला. आम्ही वही उघडून भिंग घेऊन बसलो, आम्ही वाचायचे आणि त्याने लिहायचे असे ठरले. कपाटाला दारे नव्हती. पेटी उघडी, जुन्या बाकासारखी साधी दिसत होती. १,१७३ व्या नोंदीपासून आरंभ केला. बाळाचे नाव, आईबापांचे नाव, धर्ममाता, धर्मपिता, समासात १९६१ सालचा विवाह. तासाभरात तीसेक नोंदी झाल्या असतील. एका नावाशी आम्ही अडलो; 'मारी' की 'मार्था', अक्षर काही लागेना.

तेवढ्यात विहिरीवर पंप सुरू झाला. जोडणी वेगळी केली तरी ट्यूबलाइट किंचित लवलीच. आम्ही दोघांनी एकदमच पडद्याकडे पाहिले. अक्षरे जागच्या जागी होती.

"मारीच लिहितो, फादर," तो म्हणाला. "पुढे प्रश्नचिन्ह टाकतो. घरी विचारून सांगतो. पुढचं वाचा."